कंडिशनरच्या बाटलीतला फेस

प्रसेनजितचे पप्पा,

भाकरी टोपल्यात आहे, वांग्याची भाजी गंजात. गरम करून खाजा.

आज डोकं धुवाले बसली तं बाटलीतून भसाभसा फेस आला. कंडिशनरले कायचा फेस येते? मंग तुमची पॅन्ट धुवाले काढली, तं खिशात शाम्पूच्या फाडलेल्या पुड्या! वाशिमवरून कंडिशनरची नवी बाटली आणाची तुमी भुलले, अन् मी ओरडीन म्हणून जुन्याच बाटलीत थोडाथोडा शाम्पू ओतत राह्यले. मले शाम्पू सोसत नाही, डोकं सोलते, रक्त निघते. डॉक्टरनं तुमच्याच समोर सांगतलं होतं ना, शाम्पू बंद, कंडिशनरनंच केस धुवा म्हणून? मान तं तुमीच हालवली होती.

अन् मी येडी बोअरच्या पाण्याले दोष देऊन राह्यली. थोडा फेस दिसे तं म्हणो, पाणी बदललं असन. खाजून खाजून जीव गेला, तवा काल पार्लरमधी जाऊन कमरेपर्यंतचे केस मानेवर कापून आली. तुमी पाह्यलं अन् म्हणता काय, "चांगली दिसते." तवा तरी तोंड उघडाचं होतं!

बाटली आणाले आता मीच वाशिमले चालली. तिथून रिठदले आईकडं जाईन. प्रसेनजितले संगं नेलं. फोन करू नका.

कापलेली वेणी मोरीतल्या खुंटीवर टांगली आहे, तुमच्या टॉवेलखाली. अंग पुसाले टॉवेल काढसान तवा दिसन.

रत्नमाला