देशात फक्त आपणच

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी नियमित. कारण आज जबाबदारी आली. आमच्या रेशीम संशोधनाच्या त्रैमासिकाचा रौप्यमहोत्सवी अंक निघतोय. त्यात रेशीमकिड्यांच्या रोगांवर एक आढावा लेख हवा. आजवर जगात कुणी काय शोधलं, ते एका तज्ज्ञाने एका जागी सांगायचं. तो मागवायचं काम संपादक पुट्टस्वामय्या सरांनी मला दिलं. मी इथे प्रुफं तपासतो. (बी.एस्सी. सोडलं. नापास नाही.) सर म्हणाले, "नंजुंडा, लेख वेळेत आणलास तर तुला कायम करायचं बघू." म्हणजे झालोच.

रात्री पत्राचा मसुदा. मुख्य वाक्य: 'हा लेख संपूर्ण देशात फक्त आपणच लिहू शकता.' शुद्धलेखन निर्दोष.

५ जून
प्रो. एम. हेब्बार यांना मेल केली. डबा टेबलावरच खाल्ला, न जाणो उत्तर येईल. चित्रान्नाची शितं की-बोर्डमध्ये गेली. उत्तर नाही. मोठी माणसं सावकाश वाचतात.

७ जून
हेब्बार गप्प. सरांनी दिलेल्या यादीतल्या दुसऱ्या नावाला, डॉ. के. एस. सुगुणा यांना, तेच पत्र पाठवलं. सरांनी बजावलं होतं, एकाचा नकार आल्याशिवाय दुसऱ्याला विचारायचं नाही. पण गप्प राहणं हा सभ्य माणसाचा नकारच. शिवाय हेब्बार बंगळूरच्या विद्यापीठात, सुगुणा मॅडम इथे म्हैसूरच्या संशोधन केंद्रात. कुठे भेटणार आहेत!

१० जून
दोघांचाही होकार! हेब्बार सर लिहितात, इतकी वर्षं कुणीतरी हे म्हणावं याची वाट पाहत होतो. मॅडम लिहितात, जेवताना नेहमी ऐकून घ्यावं लागतं की या विषयात खरं काम दुसऱ्याच कुणाचं आहे. आता छापूनच दाखवते.
पुट्टस्वामय्या सरांना सांगितलं, होकार आलाय. किती, ते त्यांनी विचारलं नाही.
ठराव: उद्या एकाला नम्र नकार.

११ जून
उद्या नक्की.

१९ जून
नकार पाठवलेला नाही. विचारान्ती. दोन लेख आले तर उत्तम तो निवडता येईल. याला संपादकीय दूरदृष्टी म्हणतात. अम्मा म्हणाली, "भात वाढलाय तो खा, नखं राहू देत."

१४ जुलै
लेख कुठवर आला विचारायला मॅडमच्या घरी फोन केला. पुरुषाने उचलला. आवाज हुबेहूब हेब्बार सरांचा (त्यांच्याशी परवाच फोनवर बोललो होतो). फोन ठेवून दिला. एका वयानंतर सगळ्याच प्राध्यापकांचा आवाज सारखा होत असावा.

२४ जुलै
दोघांचेही निरोप: शुक्रवारी घरी या, समोरासमोर बोलू. पत्ता दोघांचाही सरस्वतीपुरम, तिसरा क्रॉस रस्ता. तज्ज्ञांची वस्ती दिसते. शर्टाला इस्त्री केली. पुन्हा केली.

२६ जुलै, शुक्रवार
फाटक एकच. पाट्या दोन.

नवरा-बायको व्हरांड्यात शेजारी शेजारी बसलेले. मॅडमनी कॉफी दिली. हेब्बार सर म्हणाले, "हिला लिहिलंत, देशात फक्त हीच. मला लिहिलंत, फक्त मीच. अहो, आम्ही एकाच देशात राहतो. स्वयंपाकघरही एकच आहे." मॅडम म्हणाल्या, "सुट्टीत आले की दार लावून बसायचे. मला वाटलं, दुखणं लपवतायत. आणि मी लिहीत होते ते जिन्याखाली."

मी समजावून सांगितलं की एक लेख नुसता राखीव होता.

"राखीव कोण?" दोघांनी एकदम विचारलं.

मी कॉफी संपवली. लेख कुणीच दिला नाही.

२९ जुलै, सोमवार
दोघांचं मिळून एक पत्र ऑफिसात आलं. आयुष्यात पहिल्यांदाच एकत्र लिहितोय, असं म्हणतात. पुढे: 'हे संपूर्ण देशात फक्त आपला माणूसच करू शकतो.' पत्रात एक शुद्धलेखनाची चूक होती. प्रसंग पाहून दाखवली नाही.

पुट्टस्वामय्या सर म्हणाले, "तुला लेख मागवायला सांगितला होता रे, घटस्फोट नाही." लेखाच्या जागी जंतुनाशक भुकटीच्या जाहिराती जाणार. कायम करण्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

१२ ऑगस्ट
आता माझ्याकडे अंक पाकिटात घालून पत्ते चिकटवायचं काम. बघतो तर सरस्वतीपुरमच्या त्या एकाच घरी दोन अंक जातात. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही! एक बंद करा, म्हणून सरांना उद्या सुचवणार आहे.

कुणाचा, ते ठरवायचंय.