चेलो, पियानो आणि आम्ही दोघं

३ मार्च

कन्येने नवी रचना केलीय. चेलो आणि पियानोसाठी. पियानो मी वाजवायचा, ठीक. आणि चेलो? तिचे बाबा! घटस्फोटानंतर आम्ही एकदाच शेजारी उभे राहिलो, तिच्या लग्नात, तेही फोटोपुरते. मी नाही म्हणून सांगितलं. तिने ऐकलंच नाही. हा हट्टीपणा कुणाकडून आला, ते इथे लिहीत नाही.

७ मार्च

पहिली तालीम, मी शिकवते त्या संगीतशाळेत. साहेब आले. आधी चेलो आत, मग स्वतः. आमच्या संसारातही हाच क्रम होता.

रचना आधुनिक आहे. म्हणजे कागदावर सुरांपेक्षा बाणच जास्त. मी पियानोचं झाकण उघडून, आत हात घालून तारा छेडायच्या. छेडल्या — चष्मा आत पडला. साहेबांनी गज घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, पलीकडे घासायचा. तेल न घातलेलं दार कुरकुरावं तसा आवाज! छान जमतंय तुम्हाला, मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, कुरकुर ऐकायची सवय आहे मला. कन्या पेन्सिल चावत होती.

८ मार्च

पाठ धरली. पियानोत वाकून!

१५ मार्च

वाजलंच आमचं. शेवटच्या पानावर दोघांनी एकदम सुरुवात करायची, मात्रा न मोजता, फक्त एकमेकांचा श्वास ऐकून. मी घाई करते म्हणे. मी म्हटलं, तुम्ही रेंगाळता. शेवटी कन्या म्हणाली, "अहो, बघा तरी एकमेकांकडे."

बघितलं. केस बरेच गेलेत. त्यांना माझ्याकडे बघून काय वाटलं, कोण जाणे. सूर मात्र एकदम लागला. दोघंही जरा दचकलोच.

२२ मार्च

कार्यक्रम झाला. शेवटचा सूर विरला आणि सभागृहात शांतता. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं, वाद्यं जुळवून झाली का, आता सुरू करतील ना? साहेबांना हसू आवरेना. मलाही. मग टाळ्या पडल्या, पण आम्ही आपले हसतोय!

२३ मार्च

कन्या सकाळीच आली, नातीला कडेवर घेऊन. ती आणि जावई वेगळे होताहेत. कधीपासून ठरलंय, आम्हालाच सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला एका खोलीत बसवून बघायचं होतं," म्हणाली. "पुढे कधीतरी आम्हालाही जमेल का, ते."

नातीला मांडीवर घेतलं. तिच्या आजोबांना फोन लावला — इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मी आपणहून. "या," इतकंच म्हटलं.