जुनेरांचा समुद्र

प्रिय शैला,

काल गोधड्यांचं प्रदर्शन संपलं. तुझ्या चारही गोधड्या घड्या घालून घरी आणल्या आणि आता तुझ्याशी भांडायला बसलोय. तू गेल्यापासून घरात भांडायला कोणी नाही, सवय मोडली आहे. सांभाळून घे.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. "लोकांची जुनेरं, त्यावर माझं नाव कसं लावू?" आळीतल्या बायका जुने कपडे आणून द्यायच्या. तू त्यांतून कधी आंब्याची बाग शिवायचीस, कधी जेटी. कोणी प्रदर्शनाचं नाव काढलं की गोधडी पेटीत. काय म्हणावं या हट्टाला?

यंदा मी पेटी उघडली. हॉलच्या भिंतीवर चारही टांगल्या आणि खाली पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत तुझं नाव लिहिलं. लिहिताना हात अडला, खोटं कशाला बोलू? तू नाही म्हणालेलं मी पहिल्यांदाच करत होतो.

लोक पार दापोलीहून आले. पुण्याच्या एक बाई, ज्या स्वतः अशी गोधडीचित्रं करतात, त्या मिरकरवाड्याच्या जेटीच्या गोधडीसमोर कितीतरी वेळ उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "कापड नुसतं निळं आहे हो. लाटा धावदोऱ्याच्या आहेत." मी अशी मान डोलावली, जणू टाके मीच घातले होते. पण थोडा हक्क नाही का माझा? तुझे डोळे अधू झाल्यावर सुया कोणी ओवून दिल्या? "सुई ओवणाऱ्याने मिरवू नये," म्हणायचीस. काल मी पोटभर मिरवलो. चाळीस वर्षं बँकेत काढली, पण एवढी मान ताठ कधी झाली नव्हती.

दुपारी आपली आळी आली आणि कलेचं पार वाटोळं झालं. "अगो, ही माजी डोहाळजेवणाची साडी!" "हा आमच्या बंड्याचा शाळेचा शर्ट, शाईचा डाग बघ." जो तो आपापलं कापड शोधायला लागला. तुझ्या नावाकडे कोण बघतंय? मला वाटलं, जिंकलीस तू. मी उगाच पाटी लावली.

मग शेजारच्या शमीमभाभी आल्या. त्यांचे मालक गल्फला होते आणि तिकडेच वारले, हे तुला मी काय सांगणार? भाभी जेटीच्या गोधडीतल्या समुद्रापाशी थांबल्या. मालकांच्या निळ्या शर्टाच्या तुकड्यावर खिसा उसवल्याच्या जागी रंग गडद राहिला होता. तो चौकोन तू होडीखालची सावली केला होतास. भाभींनी त्यावर तळवा ठेवला. प्रदर्शनाची व्यवस्था बघणारी मुलगी "हात लावू नका" म्हणायला पुढे आली, तिला मी खुणेनेच थांबवलं.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, "भाभी, कापड तुमचं आहे. शैलाच्या नावाची पाटी काढतो."

त्या माझ्याकडे वळल्या. "कापड आमचा, भाऊ. पन मी त्ये फडक्याला दिलेला. त्येचा समुद्र कोनी केलान? नाव काढू नुको."

शैला, आता बोल. खुर्चीत बसून रडलो मी, सगळ्यांसमोर. दुःखाने नाही. तुझा अभिमान वाटून रडलो, आणि तो तुला डोळ्यांनी बघता आला नाही म्हणूनही. इतकी वर्षं कशाला लपवलंस गं हे?

तर ऐक. गोधड्या आता पेटीत जाणार नाहीत. पुण्याच्या बाईंनी बोलावलंय, मी घेऊन जाणार. ज्यांची कापडं आहेत त्यांना कोणी अडवणार नाही, कुरवाळू देत हवं तेवढं. पण जिथे जिथे टांगीन, तिथे खाली तुझंच नाव असेल. जन्मभर तुझं ऐकलं. एवढं एक ऐकणार नाही.

तुझा,
वसंत