वाऱ्याकडच्या दोऱ्या

१२ जानेवारी
पीएचडीच्या सरांचं फोनवर पुन्हा तेच— "प्राची, त्रिकोण छान आहे. पण उद्या सकाळी कुणाच्या मोबाइलवर काय दिसणार?" काय दिसणार! कार्यप्रणाली सिद्धांत पाठ झालाय मला. काम करणारा, त्याचं साधन, हेतू, नियम, भोवतालची माणसं, कामाची वाटणी— सगळं एका त्रिकोणात मांडायचं. सगळं कळतं. त्यातून अॅप बांधायची रीत मात्र निघत नाही. मार्चअखेर ती दाखवली नाही तर शिष्यवृत्ती बंद. मग पनवेलला कुठल्यातरी ऑफिसात बसून दुसऱ्यांची कामं करायची!

म्हणून केसरआत्याकडे आलेय. ती बोंबील सुकवते. तिथे रीत सापडते का बघते.

१४ जानेवारी
सकाळी वाळवणाच्या आवारात गेले. बापरे! बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकतात. बायकांची तोंडंही तशीच एकमेकींत अडकलेली! समुद्राकडच्या दोऱ्यांना वारा चांगला, माल लवकर सुकतो. त्यांवरून रोज रणकंदन. आत्या सगळ्यांत पुढे. समोर गोदूकाकी— सत्तरीची, एकटी राहते, मुलगा मितेश ट्रकवर. आवाज मात्र खणखणीत. "माझी टोपली आधी आली व्हती! डोले फुटले का तुझे?"

माझ्याशी सगळ्या गोड. "बस पोरी, चा घे."

१५ जानेवारी
सापडलं! सिद्धांत सांगतो, काम जिथे अडतं तिथली विसंगती शोधा. तर रीत अशी— त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्याला एक साधा प्रश्न, अडेल तिथे खूण, खुणेवर उपाय. इथली विसंगती: बायका जास्त, वाऱ्याच्या दोऱ्या कमी. उपाय: पाळी! उद्याची दोरी कुणाची ते आदल्या संध्याकाळी मोबाइलवर. कुणी आली नाही तर दोरी आपोआप पुढचीला; तिनं "नको" दाबलं तर तिच्या पुढचीला.

आत्या म्हणते, "आमी भांडतो त्यात तुला काय टोचतंय?" हसले नुसती.

३ फेब्रुवारी
अॅप चालू झालं. आणि चालतंय! शेजारची पूर्वी म्हणाली, "ताई, आता जरा झोप तरी मिलते." आवारात शांतता. ज्या त्या आपल्या दोरीवर, आपल्या वेळी. मलाच का चैन पडत नाही? सगळं मनासारखं तर होतंय.

९ फेब्रुवारी
जेवताना आत्याला विचारलं, आज कोण कोण आलेलं? "मना काय ठाव? माझे बोंबील टाकले नि आले."

१४ फेब्रुवारी
सर येऊन गेले. खूश! गोदूकाकी आली नव्हती, तर तिची दोरी अॅपनं त्यांच्यासमोर पूर्वीला दिली. कुणाला तोंड उघडावं लागलं नाही. "हीच तुझी रीत. लिहून काढ!" मी तर हवेत.

त्याच दिवशी, संध्याकाळ
गोदूकाकी मोरीत पडली होती. सकाळपासून. दुपारी शेजारीण मीठ मागायला गेली तेव्हा कळलं. खुब्याचं हाड मोडलंय. माणगावला दवाखान्यात नेलं. आत्या गाडीत चढताना बोलली, ओरडली सुद्धा नाही— "आदी कशी, टोपली दिसली न्हाय की मीच तिच्या दारात जायची. भांडायला कोन तरी लागतं ना?"

१६ फेब्रुवारी
ज्याला मी अडचण म्हणाले, ती त्यांची विचारपूस होती. रोजची. आणि मी वाचलेलं होतं की! विसंगती पुसायची नसते, तिच्यातूनच काम पुढे जातं— परीक्षेत लिहून मार्क घेतलेत मी. रीतीत एक प्रश्न हवा होता: हे काढलं तर याच्याबरोबर आणखी काय जाईल? तेवढाच राहिला.

सरांना सांगितलं. म्हणाले, "अरे वा, उत्तम उदाहरण. तिसऱ्या प्रकरणात घाल." उदाहरण! फोन कट केला. मग रात्रभर तेच प्रकरण डोक्यात लिहीत होते. लाज वाटते.

२० फेब्रुवारी
अॅप बंद करते म्हणाले तर पूर्वी माझ्याच अंगावर आली. "न्हाय हां ताई! आमची झोप नको काढून घेऊ." बाकीच्याही तिच्याच बाजूनं. आता भांडण परत कसं देऊ यांना?

२६ फेब्रुवारी
शिष्यवृत्तीची मुदत वाढली. आत्याला सांगितलं नाही.

४ मार्च
गोदूकाकी पहाटे गेली.

आजची पाळी तिची होती. यादीतून तिचं नाव काढायला माझा हात धजला नव्हता. अॅपनं दोरी पूर्वीला देऊ केली— तिनं "नको" दाबलं. आत्याला— नको. एकेक करत सगळ्यांकडे फिरली. शेवटी माझ्या मोबाइलवर आली. चाचणीला म्हणून मीच माझं नाव तळाशी घातलं होतं. "वाऱ्याकडची दोरी मोकळी आहे. हवी?"

मी "नको" दाबलं.