नाव झाकलेली फिल्म

३ मार्च
बाबांचा एमआरआय मीच वाचला. वाचायला नको होता. गुदाशयातली गाठ भिंत ओलांडून बाहेर आलीये, भोवतालच्या चरबीवरच्या पातळ आवरणाला जवळजवळ टेकलीये. सर्जन त्या आवरणाच्या कडेनेच कापत जातो. आत्ता ऑपरेशन केलं तर कॅन्सर मागे राहायची भीती. आधी रेडिएशनने गाठ आकसवायची, मगच सुरी.
डोळ्यांवर विश्वास बसेना. शेजारच्या टेबलावरच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमना वाचायला दिला. त्यांचंही तेच.

४ मार्च
बाबा ऐकेनात! स्वतः सर्जन ना — "तुझी ती चित्रं तुझ्यापाशी ठेव. पोट उघडलं की काय ते कळतं." सोमवारी ऑपरेशन, लाडका शिष्य करणार, ठरवूनही टाकलं. फिल्मकडे ढुंकून बघायला तयार नाहीत.
आई म्हणते, "तू सांग, तुझं ऐकतील." माझं? एक वेळ भिंतीचं ऐकतील!

५ मार्च
पुन्हा भांडण. ताटं तशीच राहिली.

६ मार्च
हॉस्पिटलातली शुक्रवारची मीटिंग. सगळे डॉक्टर बसतात, पेशंटचं नाव झाकून फिल्म लावायची. नियम बाबांचाच — "ओळखीचा निघाला की डोकं चालेनासं होतं." मी त्यांचीच फिल्म लावली.
शिष्याने वय ऐकून माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाबा उठून पडद्याजवळ गेले. पहिल्यापासून एकेक चित्र नीट पाहिलं. मग — "आवरणाला टेकलंय. याला आत्ता सुरी लावेल तो गाढव! आधी रेडिएशन. मग पुन्हा एमआरआय."
जिंकले मी. पण आपल्याच बापाला असं खिंडीत गाठलं याची लाज वाटते. आता सांगायचं कसं?

७ मार्च
धीर झाला नाही.

८ मार्च
उद्या सोमवार. आज सांगायचंच म्हणून त्यांच्या खोलीत गेले, तर फोन ठेवत होते. "उद्याचं रद्द केलं."
मी पलंगाच्या कडेला टेकले.
"नाव झाकलंस गं. पण मी जिन्यावरून पडलो तेव्हा खुब्यात घातलेला स्क्रू? पहिल्याच चित्रात त्याचा काळा डाग दिसला मला."
मग खिडकीकडे बघत, अगदी हळू — "रेडिएशनला तू येशील ना बरोबर?"