बाईंचं धानियम

बाई,

गोरेगावच्या शाळेत, नववीत, तुम्ही आमच्याकडून एक मूलद्रव्य बनवून घेतलं होतं. किरणोत्सारी मूलद्रव्य वर्गात आणता येत नाही, म्हणून खोटंच बनवू या, म्हणालात. नाव ठरलं धानियम. रंग कोंड्यासारखा, हाताला कोमट, आपोआप विरत जाणारं. निम्मं उरायला रोवणी ते कापणी एवढा काळ. उपयोग लिहायला मी उठले. बोदलकशाच्या तळ्यावर दिवे, धानावरच्या किडीचा नायनाट, गाठींवर औषध. फळा भरत आला तेव्हा तुम्ही खडू हिसकावलात. "फायदेच लिहून राहिली. धोका कोण लिहिन, तुझा बाप?" वर्ग हसला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग धोकेही मीच लिहिले. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, लहान लेकरांना जास्त बाधतात. म्हणून जवळ थोडाच वेळ थांबा, लांब राहा, मध्ये भिंत ठेवा. विरणं तुम्ही चिंचोक्यांनी दाखवलंत. फोडलेले मूठभर चिंचोके उधळायचे, पांढरी बाजू वर आली ते काढून टाकायचे, उरलेले पुन्हा उधळायचे. दर खेपेला साधारण निम्मे उरत.

आता मला थायरॉइडचा कर्करोग आहे. नागपूरला किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली आणि डॉक्टरांनी बजावलं, काही दिवस नातीला जवळ घ्यायचं नाही. ती माझ्या कुशीशिवाय झोपत नाही. घरी आले त्या संध्याकाळी ती उंबऱ्यात उभी राहून विचारते, "आजी, मले जवळ काऊन नाही घेऊन राहिली? म्या काय केलं?" तिला आयोडीन काय कळणार? सांगितलं, आजीच्या पोटात धानियम आहे. मग मी आत खाटेवर, ती ओसरीच्या पार टोकाला, आणि चिंचोके. रोज एकदाच उधळायचे, सगळे सरले की धानियम संपलं.

आज एकच उरला होता. तो काळाच पडला. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि बोटानं हळूच उलटा केला. "संपलं आजी. आता येऊ?"

डॉक्टरांचे दिवस अजून सरलेले नाहीत. मी नाही म्हणाले. ती रडली नाही. चिंचोका पुन्हा काळ्या बाजूवर ठेवला आणि अंगणात निघून गेली.

तुमचंच ऐकलं, बाई. पण तिला नाही म्हणताना तुमचा भयंकर राग आला. तुम्ही हयात असतात तर हे तोंडावर बोलले नसते, आणि लिहिलंही नसतं.