पुलावरची वैद्यीण

अरे, छकुलीला कानांच्या तपासणीला घेऊन गेले आहे. तुझा डोळा लागला होता, उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय.

गेम चार्जिंगला आहे, हात लावू नकोस. माझी वैद्यीण पुलावर एकटी अडकलीय, समोर दोन तिरंदाज. त्या गेममध्ये मेलेलं माणूस परत येत नाही, म्हणून तीन दिवस मी चालच केली नाही. आपण चाल करेपर्यंत शत्रू जागचा हलत नाही, तेवढंच बरं वाटतं.

काल म्हणालास, राईचा पर्वत करतेस. असेलही. पण परवा पातेलं पडलं तेव्हा तू दचकलास, छकुली नाही.

साडेअकराला आत बोलावतील. दुसरा मजला, डावीकडची खोली. डॉक्टर काही माझ्यासाठी थांबायचे नाहीत. जागा झालास की तसाच निघ.